अॅम्बॅसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनला कॅम कोणता टाकायचा आणि स्प्रिंग कशा जुळवायच्या

बरेच जण कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवटे असलेला इंजिनमधला दांडा) घ्यायला जातात आणि पहिला प्रश्न विचारतात, सगळ्यात मोठा कुठला आहे. आधी गाडी कुठल्या आरपीएमला चालवता ते बघा. 1489 सीसीचं हे बीएमसी बी-सिरीज इंजिन, बोअर 73 मिमी आणि स्ट्रोक 88.9 मिमी, म्हणजे लांब स्ट्रोकचं, ते फिरण्यापेक्षा ओढण्यासाठी बनलंय. पाच माणसं आणि डिकीत सामान घेऊन खंबाटकी चढताना तुम्ही बहुतेक वेळ 2000 ते 3500 च्या मध्येच असता, मग 4500 च्या पुढे जोर देणारा कॅम घेऊन करायचं काय? खालचा पिकअप जाईल, घाटात एक गिअर जास्त पाडावा लागेल आणि पेट्रोल जास्त खाईल ते वेगळंच.

ड्युरेशन म्हणजे क्रँक फिरताना व्हॉल्व्ह किती डिग्री उघडा राहतो, आणि लिफ्ट म्हणजे उचल किती. ड्युरेशन वाढवलं की इनलेट उशिरा बंद होतो, कमी आरपीएमला पिस्टन वर येताना थोडं मिक्श्चर परत पोर्टमध्ये ढकलतो आणि कॉम्प्रेशन पडतं. या जुन्या इंजिनांचं कॉम्प्रेशन मुळातच कमी, त्यामुळे फटका जास्त जाणवतो. दोन कॅमची तुलना करताना दोन्हीचे आकडे 50 थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लिफ्टवर मोजलेले आहेत ना ते विचारा, कारण जाहिरातीतलं ड्युरेशन प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजते, एकाचे 270 आणि दुसऱ्याचे 270 सारखे नसतात.

या हेडची अजून एक गोष्ट आहे जी फार कमी लोक लक्षात घेतात. 1 आणि 2 नंबरच्या सिलिंडरला मिळून एकच इनलेट पोर्ट, 3 आणि 4 ला मिळून दुसरा. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2, म्हणजे 3 नंतर लगेच 4 आणि 2 नंतर लगेच 1, दोन्ही जोड्या 180 डिग्रीच्या अंतराने त्याच पोर्टमधून ओढतात. एकाचा इनलेट बंद व्हायच्या आधीच शेजाऱ्याचा उघडतो आणि दोघांना सारखं मिक्श्चर मिळत नाही. ड्युरेशन जितकं लांब तितकी ही ओढाताण जास्त, आणि मग आयडलिंग काही केल्या सरळ होत नाही, लोक कार्ब्युरेटरला दोष देत बसतात. म्हणून रोजच्या गाडीला माझं मत स्पष्ट आहे, मूळ कॅमपेक्षा एकच पायरी वर जा, ड्युरेशन थोडंच वाढवा आणि फायदा लिफ्टमधून घ्या.

जुनाच कॅम ग्राइंड करून घेणार असाल तर कडक केलेला थर निघून तर जात नाहीये ना हे ग्राइंडरवाल्याला नीट विचारा. इंजिनवर मेकॅनिकल पेट्रोल पंप असेल तर नवीन कॅमवर त्याचा एक्सेंट्रिक (पंप हलवणारा उंचवटा) आहे का आणि डिस्ट्रिब्युटरचा गिअर जुळतो का तेही कॅम शेजारी शेजारी ठेवूनच बघा.

आता स्प्रिंग, खरं काम इथेच आहे. स्प्रिंग ढिली असेल तर वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो, आणि आरपीएम दुप्पट झाला की व्हॉल्व्हचा झटका चौपट होतो. पण म्हणून उगाच कडक स्प्रिंग टाकली तर कॅमचे लोब (उंचवटे) आणि त्यांच्यावर टेकून वरखाली होणारे टॅपेट घासून खलास. गरजेपुरतीच कडक हवी.

मोजायचं कसं ते एका उदाहरणाने सांगतो, आकडे फक्त हिशोबासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही मोजा. समजा लोबची लिफ्ट 6.5 मिमी आणि रॉकरचं (टॅपेटची उचल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांडीचं) प्रमाण साधारण 1.4, तर झाले 9.1 मिमी. त्यातून टॅपेट क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) वजा करा, मूळ कॅमचा 15 थाऊ म्हणजे 0.38 मिमी, उरली व्हॉल्व्हची लिफ्ट 8.7 मिमी. स्प्रिंग बसल्यावर उंची 38 मिमी आणि पूर्ण दाबून सगळे वेटोळे चिकटल्यावर 27 मिमी असेल तर 38 मधून 8.7 गेले 29.3, म्हणजे 2.3 मिमी जागा शिल्लक. किमान 1.5 मिमी पाहिजेच, म्हणजे ही चालेल. पण याच स्प्रिंगवर 10 मिमी लिफ्टचा कॅम घातला तर उरतो फक्त 1 मिमी, तिथे थांबा आणि दुसरी स्प्रिंग बघा. रिटेनरचा (स्प्रिंगवरच्या टोपीचा) तळ आणि व्हॉल्व्ह गाइड किंवा सीलमध्येही पूर्ण लिफ्टला तेवढीच जागा पाहिजे.

दाबाचा हिशोब पण असाच. बंद असताना 30 किलो आणि दर मिमीला 3 किलो वाढत असेल तर पूर्ण उघडल्यावर साधारण 56 किलो. हे आकडे कॅमवाल्याने सांगितलेल्या दाबाशी ताडून बघा. बोअरिंगवाल्याकडे स्प्रिंग टेस्टर असतो, आठही स्प्रिंग त्याच्यावर ठेवा, एखादी कमी भरली तर खाली शिम (पातळ वॉशर) द्या, पण शिम दिली की उंची कमी होते, सगळा हिशोब परत करा.

हेड कायमचं बसवायच्या आधी व्हॉल्व्ह-पिस्टनचं अंतर बघा. पिस्टनवर मुलांची खेळायची माती थोडी लावा, हेड जुन्या गॅस्केटवर बसवून क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, मग काढून मातीची जाडी मोजा. इनलेटला 2 मिमी, एक्झॉस्टला 2.5 मिमी तरी राहू द्या.

नवीन कॅमला टॅपेट नवीनच. जुन्या टॅपेटचा तळ जुन्या लोबप्रमाणे झिजलेला असतो, तो नव्यावर नीट फिरत नाही आणि लोब खातो. लोबवर आणि टॅपेटच्या तळाला मॉली पेस्ट लावा, झिंक असलेलं ऑइल भरा, आणि इंजिन सुरू झालं की आयडलवर सोडू नका, लगेच 2000 ते 2500 च्या मध्ये कमीजास्त करत 20 मिनिटं चालवा, कारण कमी आरपीएमला लोबवर उडणारं ऑइल पुरत नाही. डबल स्प्रिंग असतील तर या 20 मिनिटांपुरती आतली स्प्रिंग काढून ठेवली तर अजून चांगलं. मग ऑइल-फिल्टर बदला, आतल्या स्प्रिंग बसवा, आणि 500 किमी झाल्यावर कव्हर काढून टॅपेट क्लिअरन्स परत बघा. एखादा टॅपेट बाकीच्यांपेक्षा जास्त ढिला झालेला दिसला तर गाडी चालवू नका, ब्लॉकच्या बाजूची झाकणं उघडा आणि त्या लोबवर टॉर्च मारून बघा.