मंडळीसाठी अनुदान मागताय? या चुका टाळा

पावसाळा सरला की खानापूर, निपाणीकडच्या मंडळींतून, म्हणजे चर्चमधून, फोन सुरू होतात: ‘दादा, अनुदानाचं प्रपोजल जरा बघून द्या की.’ बघायला घेतलं की बहुतेक वेळा पहिल्याच पानावर कळतं, पाळकसाहेबांनी (पास्टरांनी) हे रात्री एकट्यानं बसून लिहिलंय. मंडळीच्या पंचांना पत्ता नाही, खजिनदारानं बजेट पाहिलेलं नाही. पुढच्या बऱ्याचशा चुका इथूनच निघतात.

इतिहासात अडकणं. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावात आले, याचा आम्हालाही अभिमान आहे. पण पैसे देणाऱ्याला वर्षभरात तुमच्या मंडळीत काय बदलणार हे वाचायचं असतं. इतिहास दोन ओळींत उरका.

न विचारता गरज ठरवणं. ही चूक मी स्वतः केली आहे. शब्बाथ शाळेसाठी, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल-वर्गासाठी, मराठी पुस्तकं मागितली, मिळालीही, आणि पेटीतच राहिली. आमची निम्मी मुलं कन्नड नाहीतर इंग्रजी माध्यमात. मराठी गीतं तोंडपाठ, घरी मराठीच, पण देवनागरी वाचायची म्हटली की अक्षर लावत बसतात. गरज होती ती मुलांना गोष्ट तोंडी सांगू शकतील अशा शिक्षिकांच्या प्रशिक्षणाची. महिला मंडळाला एकदा विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

पुढारी प्रशिक्षण म्हणजे शिबिर, असं समजणं. मंडप, जेवण, बाहेरचे वक्ते, शेवटी ग्रुप फोटो. तीन दिवसांत पैसे संपले. खेड्यातल्या मंडळीत पाळक महिन्यातून एखाद्या रविवारी पोचतात. बाकीचे रविवार उपासना कोण चालवतं? त्याच माणसांची नावं काढा, महिन्याला एक शनिवार ठरवा आणि वर्षभर शिकवा. भात लावणीच्या दिवसांत तारीख ठेवू नका, खुर्च्या रिकाम्या राहतील.

पैशाची वाट न तपासणं. सगळ्यात महागडी चूक ही. परदेशातलं दान मंडळीसाठी म्हणून पाळकसाहेबांच्या बचत खात्यावर घेणं हा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचा भंग आहे, हेतू कितीही चांगला असो. या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेनंही ते दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावं लागतं. पूर्वी शहरातली मोठी संस्था पैसे घेऊन आपल्याकडे वळवायची. २०२० च्या दुरुस्तीनं तेही बंद झालं. आता त्या संस्थेनं कार्यक्रम स्वतः राबवायचा आणि बिलं स्वतः भागवायची. नव्या संस्थेला ठरावीक दात्यासाठी, ठरावीक कामासाठी सरकारकडे पूर्वपरवानगी मागता येते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के. ऑफिसचं भाडं नि कारकुनाचा पगार त्यातच बसवा. वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबरच्या आत जायला हवं, त्या वर्षी एक रुपया आला नसला तरी.

ही सगळी कटकट नको असेल तर आधी देशातच मागा. रक्कम कमी मिळेल, झोप लागेल.

नावाचा घोळ. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. ट्रस्ट डीडवर बेळगाव, पॅनवर बेळगाम, बँकेत बेळगावी, आणि संस्थेच्या नावात कुठे ‘चर्च’ तर कुठे ‘मंडळी’: एवढ्यावरून अर्ज अडकतो. आधी एकच नाव पक्कं करा. कन्नड कागदांचं भाषांतर आधीच करून ठेवा, शेवटच्या आठवड्यात भाषांतर करणारा सापडत नाही.

नकार आला तर रागावून गप्प बसू नका. कारण विचारणारी दोन ओळींची मेल पाठवा. बरेच जण कळवतात. ते उत्तर पंचांच्या बैठकीत मोठ्यानं वाचा, खटकलेलं पानच दुरुस्त करा आणि पुढच्या फेरीत खजिनदाराच्या सहीनिशी पाठवा.