गावच्या नाटकात व्हॅम्पायर रंगवायचा तर

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात यात्रेतल्या, गणपतीतल्या नाटकांची रंगभूषा मी करतो. पहिल्यांदा व्हॅम्पायर करायचा आला तेव्हा पोराच्या तोंडाला सफेदा थापला, काळा झगा चढवला, कॉलर उभी केली. पडदा उघडला आणि पुढच्या सतरंजीवरनं एक पोरगं ओरडलं, "वकील आलाय बग!" नाटक तिथंच बसलं.

म्हणून ब्रश हातात घ्यायच्या आधी ठरवा, कुठल्या सालातला व्हॅम्पायर पाहिजे.

माझं मत विचाराल तर १७२५ चा. सर्बियातल्या किसिल्येवो गावचा पेटर ब्लागोयेविच. सरदार-बिरदार नव्हे, साधा गावकरी. तो गेल्यावर आठ दिवसांत नऊ माणसं दगावली. रात्री येऊन गळा दाबतो, असं मरताना सांगून गेली. लोकांनी थडगं उकरलं. ऑस्ट्रियन अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय: केस, दाढी, नखं वाढलेली, तोंडात ताजं रक्त. छातीत खुंटा ठोकला आणि मढं जाळलं. सुळ्यांचं नाव नाही!

मढं कुजताना पोट वायूनं फुगतं, तोंडातून काळपट लाल पाणी येतं, कातडी आक्रसते म्हणून नखं वाढल्यासारखी दिसतात. तेच रंगवा. सफेदा बाजूला ठेवा. तोंडाला गडद पॅनकेक, म्हणजे मेकअपचा रंग, गालावर कुंकवात कालवलेलं काजळ, सदऱ्याखाली उशी. नखाच्या मुळाशी काजळाची बारीक रेघ ओढली की नख आपोआप लांब दिसतं.

रक्ताला काकवी घ्या, आपल्या भागात तिला तोटा नाही. वाटीभर काकवीत खायचा लाल रंग, चिमूटभर कॉफी, कोमट पाण्याचे दोन चमचे. नुसता लाल रंग दिव्याखाली सरबतासारखा दिसतो. वाटी मात्र पाण्याच्या परातीत ठेवायची. एका वर्षी मी विसरलो, आणि मेलेलं भूत मुंग्या चावल्या म्हणून पडद्याआधीच उठून खाजवत बसलं.

गोरा, उमराव व्हॅम्पायरच पाहिजे असेल तर तो १८१९ नंतरचा. इंग्रज कवी बायरनचा डॉक्टर पोलिडोरी यानं कथेत त्याला लॉर्ड केला. उभी कॉलर १९२४ च्या इंग्रजी नाटकातली. उन्हात मरणारा पाहिजे तर १९२२ च्या जर्मन मूकपटापुढचं साल धरा, कारण १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा रस्त्यानं फिरतो.

आणि वेताळाला सुळे लावू नका. १८७० मध्ये बर्टन या इंग्रज लेखकानं वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेताना त्याला व्हॅम्पायर म्हटलं, तेव्हापासून हा घोळ. वेताळ मढ्यात शिरून विक्रमाला कोडी घालतो. घाटाखाली तर त्याची देवळं आहेत; उगाच कुणाचा राग ओढवून घेऊ नका.

शेवटचं, दार. ड्रॅक्युलाला घरातल्या कुणीतरी बोलावल्याशिवाय पहिल्यांदा आत येता येत नाही. आपल्या कर्नाटकात भुताला परतवायला दारावर 'नाळे बा', उद्या ये, असं लिहायचे. सेटच्या दारावर खडूनं कन्नडमध्ये तेच लिहा, आपल्या लोकांना दोन्ही लिप्या वाचता येतात. आमच्या तालमीत दार वाजलं तशी घरधनीण झालेली बाई सवयीनं म्हणून गेली, "या की आत." संहितेत नव्हतं, पण आम्ही ठेवलं. प्रयोगाला ती तसं म्हणाली आणि मागं बसलेल्या बायका एकदम ओरडल्या, "नको गं, नको!"