कोरा आणि हार्डांगर फिडल यांच्या जोडीने निवांत संगीत कसे रचावे

पश्चिम आफ्रिकेचा कोरा हे बोटांनी छेडायचे तंतुवाद्य आणि नॉर्वेचे हार्डांगर फिडल हे गजाने वाजणारे, व्हायोलिनसारखे वाद्य यांना एकत्र घेऊन, रात्री दिवे मंद करून ऐकावे असे चिलआउट संगीत मी गेली काही वर्षे रचत आहे. या विषयावर मिळणारा बहुतेक सल्ला एकाच साच्याचा असतो: मागे लांबलचक पॅड, म्हणजे लांब धरलेला पार्श्वस्वर, लावा, त्यावर कोराचा तयार लूप ठेवा, वर फिडलचा एखादा तुकडा चिकटवा आणि सगळ्यावर सढळ हाताने रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, ओता. असे केल्याने दोन परंपरा एकाच खोलीत पाठ फिरवून बसल्यासारख्या ऐकू येतात. या दोन संगीतांना खरोखर जोडणारा दुवा तालात आहे, आणि तो दुवा नेमका कसा पकडावा, हेच या लेखात मुख्यत्वे सांगायचे आहे. ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर तुम्हाला वापरता येते आणि ट्रॅक, लूप, मेट्रोनोम हे शब्द परिचयाचे आहेत, असे मी गृहीत धरतो.

स्वर कोराकडून घ्यावेत

कोराला एकवीस तारा असतात, डाव्या हाताला अकरा आणि उजव्या हाताला दहा. अर्ध्या भोपळ्यावर गाईचे कातडे ताणून केलेल्या या वाद्यात तार दाबून स्वर बदलण्याची सोय नसते. प्रत्येक तार मोकळी छेडायची असते आणि दोन्ही हातांचे अंगठे व तर्जन्या एवढ्या चारच बोटांवर सारे वादन चालते. म्हणून थाट कोरावर जो लावला असेल तोच संपूर्ण रचनेचा थाट ठरतो, आणि फिडलने त्याच्याशी जुळवून घ्यायचे असते. अनेकजण आधी कीबोर्डवर आवडीची स्वरसंगती रचतात आणि मग त्यात कोरा बसवू पाहतात. तो मार्ग धरू नका.

कोरा जुळवण्याच्या परंपरागत पद्धतींपैकी सिलाबा आपल्या बिलावलाच्या जवळ जाते, तर सौता या पद्धतीत मध्यम चढा असतो, म्हणजे आपल्या कानांना ती कल्याण थाटासारखी वाटते. मी जवळजवळ नेहमी सौता निवडतो, आणि त्याला सबळ कारण आहे. नॉर्वेच्या ग्रामीण फिडलवादनातही चढा मध्यम वारंवार येतो. हजारो मैल दूर असलेल्या दोन प्रदेशांचे स्वर या एका जागी आपोआप गळ्यात गळा घालतात, आणि यमन ऐकत वाढलेल्या मराठी कानालाही ती जागा लगेच ओळखीची वाटते.

कोरा पुष्कळदा एफ या स्वराला षड्ज मानून लावलेला असतो. तो एका पूर्ण स्वरापेक्षा अधिक खाली आणला, तर नायलॉनच्या तारा सैल पडून आवाज मलूल होतो. दुसऱ्या बाजूला, हार्डांगर फिडलच्या गजाने वाजणाऱ्या चार तारांखाली चार किंवा पाच तरफा, म्हणजे न छेडता आपोआप गुंजणाऱ्या तारा, असतात आणि त्या वाद्याची सारी झळाळी या तरफांमधूनच येते. फिडलचे मुद्रित तुकडे वापरत असाल आणि ते सॉफ्टवेअरमध्ये दोन अर्धस्वरांपेक्षा जास्त वर-खाली सरकवले, तर तरफांचा गुंजारव ताबडतोब खोटा वाटू लागतो. त्यामुळे मुळातच जवळच्या पट्टीतला तुकडा शोधण्यासाठी वेळ द्यावा.

मागचा आधारस्वर फक्त षड्ज आणि पंचम यांचा ठेवावा. पॅडमध्ये गंधार घालू नका. कोरावादकाने कानाने लावलेला गंधार पियानोच्या गंधाराशी तंतोतंत जुळत नाही, आणि लांब धरलेल्या पॅडमध्ये तो फरक दातात अडकलेल्या कणासारखा सतत जाणवत राहतो.

कोराचे आवर्तन

कोरावर पुन्हापुन्हा फिरणाऱ्या मूळ आकृतीला कुम्बेंगो म्हणतात आणि तिच्यावरून धावणाऱ्या जलद तानांना बिरिमिंतिंगो. निवांत संगीताचा सारा भार कुम्बेंगोवर असावा. सहा मिनिटांच्या रचनेत बिरिमिंतिंगो दोनदा आली तरी पुरे. एकच कोरा वापरावा. मालीच्या तुमानी दियाबाते यांचे 1988 साली प्रसिद्ध झालेले एकल कोरावादन ऐकल्यावर एकच माणूस खर्ज, आवर्तन आणि तान हे तिन्ही थर एकाच वेळी कसे सांभाळतो ते कळते, आणि तीन-तीन कोरा एकावर एक रचण्याचा मोह आपोआप सुटतो.

तालाची बैठक: जिथे सगळे बिघडते

या टप्प्यावर मी स्वतः जवळजवळ दीड वर्ष अडलेलो होतो, म्हणून येथे सावकाश वाचावे अशी विनंती आहे.

कुम्बेंगोचे एक आवर्तन बारा लहान मात्रांचे धरा. अंगठ्याने वाजणारा खर्ज पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मात्रेवर ठेवा, म्हणजे तीन-तीन मात्रांचे चार ठोके तयार होतात. नॉर्वेच्या स्प्रिंगार या नृत्यप्रकाराचे संगीत मात्र तीन ठोक्यांचे असते. सरधोपट सल्ला असा मिळतो की त्याच बारा मात्रांचे चार-चारचे तीन समान भाग करावेत आणि फिडल त्यांवर बसवावे. गणित बरोबर येते, पण संगीत मरते, कारण स्प्रिंगारचे तीन ठोके कित्येक भागांत समान नसतातच. टेलेमार्क प्रांतात पहिला ठोका लांब, दुसरा मध्यम आणि तिसरा आखूड असतो. वाल्द्रेसमध्ये पहिला आखूड, दुसरा लांब आणि तिसरा मध्यम. ही असमानता नर्तकाच्या पावलांतून आलेली आहे आणि त्या संगीताचा प्राण तिच्यात आहे.

सुरुवातीच्या काळात मी नॉर्वेतल्या एका फिडलवादकाला कोराची आकृती आणि समान तीन ठोक्यांचा मेट्रोनोम पाठवला होता. आलेले मुद्रण मला किंचित डगमगते वाटले, म्हणून सगळीकडे वाचलेल्या सल्ल्याप्रमाणे मी त्यातला प्रत्येक स्वर क्वांटाइझ करून, म्हणजे सॉफ्टवेअरकडून सरकवून, समान मात्रांच्या ग्रिडवर आणला. परिणामी मिळालेली चीज इतकी अचूक आणि इतकी निर्जीव होती की ती ऐकताना झोपही येईना आणि जागही राहवेना. काही दिवसांनी त्याच वादकाने मेट्रोनोम बाजूला ठेवून, फक्त कोरा ऐकत आणि पायाने लाकडी फरशीवर ठोका देत तेच पुन्हा वाजवून पाठवले. पायाचा तो आवाज मुद्रणात स्पष्ट होता. मी तो ट्रॅक मोठा करून ठोक्यांमधली अंतरे मोजली, आणि पहिला ठोका साधारण पाच मात्रांचा, दुसरा चारचा आणि तिसरा तीनचा भरला.

आता हे आकडे कोराच्या शेजारी ठेवून पाहा. पाच-चार-तीन अशी विभागणी केली की फिडलचे ठोके पहिल्या, सहाव्या आणि दहाव्या मात्रेवर पडतात. कोराचा खर्ज पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मात्रेवर आहे. म्हणजे दोन्ही वाद्ये समेवर भेटतात आणि पुन्हा दहाव्या मात्रेवर भेटतात. समान चार-चार-चार विभागणीत फिडल पहिल्या, पाचव्या आणि नवव्या मात्रेवर येते आणि समेखेरीज कोठेही भेट होत नाही. वाल्द्रेसच्या धर्तीवर तीन-पाच-चार घेतल्यास फिडलचे ठोके पहिल्या, चौथ्या आणि नवव्या मात्रेवर येतात, म्हणजे तेथेही दोन भेटी होतात. जी असमानता मी दोष समजून पुसून टाकत होतो, तीच या दोन वाद्यांना अधिक जवळ आणत होती.

संगणकाला हात लावण्यापूर्वी हे अंगात मुरवावे. मांडी घालून बसा. उजव्या हाताने मांडीवर पहिली, चौथी, सातवी, दहावी मात्रा वाजवा आणि तोंडाने ‘एक दोन तीन चार पाच, एक दोन तीन चार, एक दोन तीन’ असे म्हणत प्रत्येक ‘एक’ वर डाव्या हाताची थाप द्या. झपतालाचे किंवा रूपकाचे असमान विभाग ज्यांच्या सवयीचे आहेत, त्यांना हे दोन-तीन दिवसांत जमते. फरक एवढाच लक्षात ठेवावा की आपल्या या तालांत मात्रा समान असतात आणि विभाग असमान; स्प्रिंगारमध्ये ठोकाच ताणला किंवा आवळला जातो. म्हणून पाच-चार-तीन ही केवळ परांची समजावी, जी भिंत उभी राहिली की सोडवून घ्यायची असते. मुद्रण पक्के झाले की मार्गदर्शक ठोक्याचा ट्रॅक काढून टाका.

लयीबाबत माझे मत ठाम आहे: एक आवर्तन तीन सेकंदांचे असावे, म्हणजे एक मात्रा 250 मिलिसेकंदांची. साडेतीन सेकंदांच्या पुढे गेलात तर कानाला आवर्तन पकडता येत नाही आणि असमान ठोका चूक वाटू लागतो. अडीचच्या खाली आलात तर श्रोता नाचू लागेल. तालखूण 12/8 ठेवावी. तीन मात्रांच्या ठोक्याची लय 80 येते, परंतु अनेक सॉफ्टवेअर लय दोन मात्रांच्या हिशेबाने दाखवतात आणि तेथे 120 हा आकडा भरावा लागतो. येथे चूक झाली की पुढचे सगळे मोजमाप चुकते.

फिडलचा आवाज गजामुळे हळूहळू उमलतो, त्यामुळे ग्रिडवर बरोबर ठेवलेला स्वरही उशिरा आल्यासारखा वाटतो. मी असे स्वर 30 ते 40 मिलिसेकंद आधी ओढतो, आणि ते प्रत्येक वेळी हाताने व कानाने. कोरा मात्र स्थिर ठेवावा. दोन्ही वाद्यांना एकाच वेळी मोकळे सोडले तर श्रोत्याला टेकायला जागाच उरत नाही.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. कोराच्या चारही ठोक्यांवर किक ड्रम लावू नका, कारण एकदा कान त्या ड्रममागे गेला की फिडलचे तीन ठोके ऐकू येणे बंद होते. खालचा आवाज हवाच असेल तर पालथ्या भोपळ्यावर मुठीने दिलेली हलकी थाप फक्त पहिल्या आणि दहाव्या मात्रेवर ठेवावी. तसेच फिडलवर लयीला बांधलेला डिले लावू नका. तीन मात्रांच्या म्हणजे 750 मिलिसेकंदांच्या अंतराने परत येणारा प्रतिध्वनी कोराचे चार ठोके फिडलवर लादतो आणि इतक्या कष्टाने राखलेला ताण धुऊन जातो.

फिडलऐवजी स्वीडनचे निकेलहार्पा हे पट्ट्या दाबून आणि गजाने वाजवायचे वाद्य घ्यायचे असेल आणि पोल्स्का या तिथल्या नृत्यसंगीताचा समान तीन ठोक्यांचा प्रकार निवडला असेल, तर चार-चार-चार विभागणी चालते. स्वीडिश फिडलवादक एलिका फ्रिसेल आणि सेनेगलचे कोरावादक सोलो सिस्सोखो यांनी हे तीन ठोक्यांचे नाते फार आधी ओळखले होते; त्यांच्या 2002 सालच्या अल्बमच्या नावातच ‘ट्रेटाक्ट’ हा शब्द आहे, ज्याचा स्वीडिशमध्ये अर्थ तीन ठोक्यांचा ताल असा होतो. अभ्यास करायचा असेल तर त्यांच्यापासून सुरुवात करावी.

उरलेली कामे

स्वीडनमधील गुराखी स्त्रियांची कुलनिंग ही उंच स्वरातली साद वापरायची असल्यास ती एकदाच, खूप मागे आणि दुरून आल्यासारखी ठेवावी. ती मुळात डोंगराच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या गुरांसाठी आहे. सेल्येफ्लॉयटे ही भोके नसलेली विलोच्या सालीची बासरी घेतल्यास तिचा मध्यम शुद्ध आणि तीव्र यांच्या मधोमध लागतो, म्हणून त्या वेळी कोरा किंवा फिडलचा मध्यम लांबवू नये.

जेली, म्हणजे वंशपरंपरेने गाणाऱ्या घराण्यांतल्या गायकांचे आवाज तुकडे करून वातावरणनिर्मितीसाठी वापरण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. त्या गाण्यांत माणसांची आणि कुळांची नावे घेतलेली असतात, आणि शब्दांचा अर्थ न कळता ती कापणे हा त्यांचा अवमान आहे. अर्थ समजून, परवानगी घेऊन, पूर्ण ओळ वापरावी.

कोराच्या घोडीवर बसवलेल्या धातूच्या पट्टीची किणकिण किंवा बालाफोन या लाकडी पट्ट्यांच्या पश्चिम आफ्रिकी वाद्याखालच्या भोपळ्यांची भणभण हा गोंगाट समजून पुसू नका. तंबोऱ्यात जवारीला जे स्थान आहे तेच तिला तेथे आहे. रिव्हर्ब तीन ते चार सेकंदांचा, खालचे स्वर गाळलेला आणि दोन्ही वाद्यांना एकच असावा.

शेवटी मुद्रण अगदी हळू आवाजात, हेडफोन न लावता, दुसऱ्या दिवशी ऐका आणि ऐकताना मोजू नका. दहाव्या मात्रेवर हात आपोआप मांडीवर पडत असेल तर फाईल पक्की करा. पडत नसेल तर फिडलच्या दुसऱ्या ठोक्याकडे परत जा आणि तो वीस मिलिसेकंद पुढे किंवा मागे सरकवून पुन्हा ऐका.