धरणात गेलेले गाव कसे पाहावे आणि कसे नोंदवावे

कडक उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी पुरेसे खाली गेले, की पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील जुन्या पळसदेवच्या पळसनाथ मंदिराचे शिखर आणि नंतर मंदिरच वर येते. त्याची छायाचित्रे सगळीकडे फिरतात, लोक होडीने जातात, शिखरासमोर उभे राहतात आणि परततात. मंदिर सुंदर आहेच; परंतु त्याच्याभोवती घरे, आळ्या, वेस, चावडी आणि पाणवठा असलेले एक गाव नांदत होते आणि त्याची जोती त्याच चिखलात उघडी पडलेली असतात, याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. अशा ठिकाणी ‘शांतपणे फिरा, वातावरण अनुभवा’ असा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. कोणाचे घर कोठे होते हे कळल्याशिवाय तेथे अनुभवण्यासारखे दगडांचे ढीगच असतात. पुढील पद्धत मी उजनीच्या फुगवट्यातील, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्याखाली गेलेल्या, गावांसाठी वापरत आलो आहे. राज्यातील इतर धरणांच्या बुडीत क्षेत्रातही ती थोड्याफार फरकाने लागू पडते.

पाण्याचा अंदाज

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यांपैकी ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्यात न धरलेले तळाचे पाणी, आहे. वर्तमानपत्रात येणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते, म्हणून ‘उणे वीस टक्के’ असे वाचून धरण कोरडे पडल्याची समजूत करून घेऊ नये. जलाशयात तेव्हाही अफाट पाणी असते. प्रत्येक गाव आपापल्या उंचीनुसार वर येते, काही दरवर्षी, काही दुष्काळातच. नेमके केव्हा, हे काठावरचे मच्छीमार सर्वांत अचूक सांगतात.

कागद

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मूळ गावाचा गावनकाशा मिळवावा. जनगणनेच्या जिल्हा हस्तपुस्तिकांतून गावाची लोकसंख्या आणि क्षेत्रफळ उतरवून घ्यावे. १८८५ साली निघालेले पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर तीन भागांत असून ते वाचायला सहज मिळते. त्यातील तालुक्याचे वर्णन आणि बाजारगावांची माहिती जरूर पाहावी.

यापेक्षा मोलाचा आणि जवळजवळ कोणीही न मागणारा कागद म्हणजे १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जाहीर झालेला निवाडा. नुकसानभरपाई ठरवण्यासाठी घरे, विहिरी आणि झाडे यांचे मूल्यांकन त्यात मालकाच्या नावानिशी केलेले असते. तो जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन शाखेत शोधावा लागतो आणि प्रसंगी माहिती अधिकारात अर्ज करावा लागतो. वेळ लागतो, परंतु हा कागद हाती येईपर्यंत पुढच्या पायरीवर जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

माणसे: सर्वांत अवघड पायरी

गावनकाशात शेतांचे गट आणि त्यांच्या हद्दी बारकाईने दाखवलेल्या असतात, परंतु गावठाण म्हणजे बहुधा नुसता कोरा तुकडा असतो. निवाड्यात घरमालकांची यादी असते, पण कोणते घर कोठे होते याचा आराखडा नसतो. या दोन कागदांना जोडणारा दुवा केवळ पुनर्वसित गावठाणातील वृद्धांच्या स्मरणात आहे, आणि तो तेथून काढून कागदावर उतरवणे हे या सगळ्या कामातील खरे कौशल्य आहे. मला स्वतःला ते जमायला फार काळ लागला, म्हणून त्याबद्दल विस्ताराने लिहितो.

‘गावाचा इतिहास सांगा’ असा प्रश्न कधीही विचारू नये. त्याला ठरलेली उत्तरे मिळतात: मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले, वाड्यातून किल्ल्यापर्यंत भुयार होते, अमुक विहिरीत सोन्याचा हंडा आहे. सांगणारा खोटे बोलत नसतो. आलेल्या पाहुण्याला जे आवडेल असे त्याला वाटते, ते तो सांगतो. त्याऐवजी घरापासून सुरुवात करावी. “आजी, तुमच्या घराच्या उगवतीला कोणाचं घर होतं? मावळतीला कोण? दारातून बाहेर पडलं की समोर काय दिसायचं? पाण्याला कुठल्या वाटेनं जात होता?” माणसांना अंतरे आठवत नाहीत, शेजार आठवतो. एका घराला दुसरे, दुसऱ्याला तिसरे असे जोडत गेले की आळी उभी राहते. निवाड्याच्या यादीतील नावे त्या ओळीत बसू लागतात आणि जे नाव बसत नाही, तेथे पुढचा प्रश्न सापडतो. मोठा कागद जमिनीवर अंथरावा, त्यावर मारुतीचे मंदिर, चावडी आणि नदी एवढेच आधी काढावे आणि घरे त्यांनाच दाखवू द्यावीत. पेन्सिल आपल्या हातात राहिली तरी चालेल, पण बोट त्यांचे हवे.

एकाच माणसावर विसंबू नये, आणि तो माणूस आजी-माजी सरपंच किंवा जुन्या पाटलांच्या घरातील असेल तर मुळीच नाही. ‘गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारा’ हा सल्ला मी असंख्य वेळा ऐकला आहे आणि तो निरुपयोगीच नव्हे, तर घातक आहे. त्याने वाड्याभोवतीचे गाव मिळते आणि गावकुसाबाहेरचे गाव गळून पडते. जुन्या कागदांत महारवाडा, मांगवाडा म्हणून नोंदलेल्या वस्त्यांतील घरे बहुधा मातीची होती. पाण्याखाली ती सर्वांत आधी विरघळली आणि जमिनीवर त्यांची खूण जवळपास उरली नाही. त्या वस्त्यांतील वृद्धांकडे स्वतंत्रपणे, त्यांच्याच घरी जाऊन बसले नाही, तर तयार होणारा नकाशा अर्ध्या गावाचा असेल आणि पाहणाऱ्याला तो पूर्ण वाटेल. असा नकाशा काढण्यापेक्षा न काढलेला बरा.

स्त्रियांशी बोलण्याला माझ्या लेखी सर्वांत अधिक महत्त्व आहे. पाणवठ्याची वाट, जात्याचा आवाज कोणत्या घरातून यायचा, कोणत्या ओट्यावर बायका बसत आणि कोणत्या आळीतून जाणे टाळत, हे पुरुषांना सांगता येत नाही. त्यातही धरणापूर्वीच लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या माहेरवाशिणी जरूर शोधाव्यात. गावात शेवटपर्यंत राहिलेल्यांच्या आठवणीत उठण्याच्या वर्षांची धांदल, नोटिसा आणि मोडलेली घरे मिसळलेली असतात; माहेरवाशिणीला मात्र तिने सोडले त्या दिवसाचे अखंड गाव आठवते. दोन्हींची तुलना केली की काय केव्हा मोडले तेही कळते.

दोन वृद्धांचे म्हणणे जुळले नाही, तर दोन्ही नोंदवावे आणि कोण बरोबर हे लगेच ठरवू नये. आधी वेगवेगळे ऐकावे, मग दोघांना एकत्र बसवावे. क्रम उलटा झाला तर मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो.

एक इशारा मनापासून देतो. कागदपत्रांची पिशवी घेऊन आलेला अनोळखी माणूस हा सरकारी माणूसच असणार, असे विस्थापितांना वाटते. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, तरी पर्यायी जमिनीचे अनेकांचे प्रश्न त्यानंतरही वर्षानुवर्षे रेंगाळले. तुमच्या वहीत त्यांच्या घराचे नाव लिहिले जाताना त्यांच्या मनात आशा जागी होते. मी कोण आहे, कशासाठी आलो आहे आणि माझ्या हातून जमिनीचे काम होणार नाही, हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट सांगावे. कोणाच्याही मूळ कागदांना हात लावू नये, ते बरोबर तर मुळीच नेऊ नयेत. तेथेच छायाचित्र घ्यावे.

नवे गावठाणही डोळसपणे पाहावे. गाव उठताना अनेकांनी चौकटी, तुळया, खांब आणि घडीव दगडसुद्धा गाडीत घालून आणले. त्यामुळे जलाशयात दिसणाऱ्या अवशेषांवरून घर लहान की मोठे हे ठरवता येत नाही. ज्याला गाडी-बैल परवडले त्याने घर नेले, ज्याला परवडले नाही त्याचा ढिगारा मागे राहिला.

शक्य असल्यास त्यांपैकी एखाद्या वृद्धाला प्रत्यक्ष जुन्या गावात न्यावे, मात्र त्यांनी स्वतःहून इच्छा दाखवली तरच आणि घरच्यांना बरोबर घेऊन. गोव्यात हे काम आपोआप सोपे होते. सांगे तालुक्यातील कुर्डी, म्हणजे गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे गाव, साळावली धरणात गेले आणि दरवर्षी मे महिन्यात वर येते. तेव्हा जुने रहिवासी सोमेश्वराच्या दर्शनासाठी तेथे एकत्र जमतात. तेथे जाणाऱ्याने उत्सवाच्या दिवशी आधी पाहुणा म्हणून वागावे आणि वही दुसऱ्या दिवशी उघडावी. शिवाय तेथील प्राचीन महादेव मंदिर दगड न् दगड सुटा करून धरणाजवळ हलवलेले आहे, हे ठाऊक नसेल तर ते मूळ जागी विनाकारण शोधत बसाल.

प्रत्यक्ष जागेवर

गाळ वरून भेगाळलेला दिसला तरी आत ओला असतो. गाळपेर करणारे, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेणारे, शेतकरी आणि जनावरे यांच्या मळलेल्या वाटेनेच चालावे, काळसर किंवा चकाकणाऱ्या पट्ट्यावर पाय ठेवू नये आणि हातात लांब काठी असावी. उघडी बारव, आड आणि धान्याची जुनी पेवे गाळाने झाकली गेलेली असतात. त्यांच्या जागा वृद्धांकडून आधीच नकाशावर घेतल्या असतील तर हा धोका निम्मा होतो. गाळपेरीच्या पिकातून चालणे म्हणजे कोणाचे तरी उत्पन्न तुडवणे होय.

होडीने जायचे असेल तर सकाळी जावे, जीवरक्षक जाकीट नसेल तर जाऊच नये. २०२४ च्या मे महिन्यात उजनीच्या काठावरील कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. वळवाचा वारा दुपारनंतर काही मिनिटांत उठतो आणि उजनीचे पात्र फार रुंद आहे.

पोहोचल्यावर मंदिर, वेस किंवा चावडीचे जोते आणि एखादी विहीर असे तीन बिंदू पक्के करून मोबाइलवर त्यांचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत, मग नकाशा जमिनीशी जुळवत आळीने चालावे. वीरगळ, सतीशिळा किंवा शिलालेख दिसल्यास तिरक्या उन्हात छायाचित्र घ्यावे; त्यावर खडू, तेल किंवा पावडर लावू नये. काहीही उचलू नये, उकरू नये. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे.

परत आल्यावर

प्रत्येक छायाचित्रावर तारीख आणि त्या दिवशीची पाणीपातळी लिहावी, कारण पुढच्या दुष्काळात त्याच जोत्याची तुलना त्यावरूनच करता येते. नकाशाची एक प्रत नव्या गावठाणातील शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत द्यावी, आणि ध्वनिमुद्रणे ज्यांची आहेत त्यांच्या घरी पोहोचवावीत. प्रत दिली की हमखास कोणीतरी येऊन सांगते, “आमचं घर इथं नव्हतं, त्याच्या पलीकडं होतं.” ती दुरुस्ती सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह त्याच नकाशावर लाल शाईने करावी, आणि जुनी रेघ खोडू नये.