फॉरवर्ड कंट्रोल बसवताना या चुका टाळा

लांबच्या प्रवासात गुडघे आखडतात म्हणून अनेक जण आपल्या क्रूझर मोटारसायकलचे फुटरेस्ट, ब्रेक पेडल आणि गिअर लिव्हर पुढे नेतात, म्हणजेच फॉरवर्ड कंट्रोल बसवतात. त्यात फुटरेस्ट पुढे नेणे सर्वांत सोपे असते. पायाचा जोर वाढलेल्या अंतरावरून पूर्वीइतक्याच अचूकपणे मागे ब्रेक आणि गिअरपर्यंत पोहोचवणे हे खरे काम आहे आणि बहुतेक चुका तिथेच होतात. बजाज अ‍ॅव्हेंजर किंवा रॉयल एनफिल्ड मीटिऑर 350 यांसारख्या गाड्यांत पाय मुळातच पुढे असतात. अशा गाडीवर ते आणखी पुढे न्यायची खरोखर गरज आहे का, हे आधी ठरवावे.

सर्वांत धोकादायक चूक म्हणजे लेग गार्डच्या पाइपला नुसते फुटरेस्ट आवळून तिथेच पाय ठेवून गाडी चालवणे. कुत्रे आडवे आले की पाय तिथून उचलून मागच्या ब्रेकवर आणावा लागतो आणि तेवढ्या वेळात गाडी बरीच पुढे गेलेली असते. शिवाय लेग गार्ड गाडी पडल्यावर मार झेलण्यासाठी असतो. खड्ड्यात उठून उभ्या राहणाऱ्या माणसाचे वजन रोज पेलण्यासाठी नव्हे.

ब्रेकच्या बाबतीत पेडलचे प्रमाण बिघडणे ही नेहमीची चूक आहे. समजा, मूळ पेडलमध्ये फिरत्या पिनपासून पाय पडतो ती जागा 150 मिलिमीटरवर आणि पायाचा जोर ब्रेककडे नेणारा दांडा जोडण्याचे छिद्र 30 मिलिमीटरवर आहे. म्हणजे पायाचा जोर पाचपट होतो. नवे पेडल बनवताना सोयीसाठी ते छिद्र 50 मिलिमीटरवर पाडले, तर जोर तिपटीवर येतो आणि तेवढ्याच ब्रेकसाठी पाय सुमारे पावणेदोनपट जोराने दाबावा लागतो. पेडल दगडासारखे घट्ट लागते आणि गाडी मात्र थांबत नाही, अशी तक्रार असेल तर ब्रेक शू किंवा पॅड बदलण्याआधी ही दोन अंतरे मोजावीत.

दुसरी चूक दांड्याची. ढकलणाऱ्या दांड्याची लांबी दुप्पट केली की वाकण्यापूर्वी तो पेलू शकणारा जोर चौथाईवर येतो, त्यामुळे मूळ जाडीचीच सळई लांब करून चालत नाही. ड्रम ब्रेकमध्ये दांडा ओढला जातो, म्हणून तिथे हा त्रास नाही. डिस्क ब्रेकमध्ये मात्र मास्टर सिलिंडरचा, म्हणजे ब्रेक ऑइल दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन त्याने ढकलायचा असतो. तिथे एकतर जाड पोकळ नळी वापरावी, किंवा मास्टर सिलिंडरच पेडलजवळ आणून योग्य लांबीचा नवा ब्रेक होज टाकावा.

तिसरी चूक मी स्वतः भोगली आहे. कंट्रोल बसवल्यावर पेडल लगेच लागावे म्हणून कारागिराने पुशरॉड, म्हणजे हाच ढकलणारा दांडा, इतका ताणून बसवला की मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला पूर्ण मागे यायला जागाच उरली नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीचा उतार उतरल्यावर सपाटीला गाडी ओढेनाशी झाली. उतरून पाहिले तर मागच्या डिस्कमधून जळका वास येत होता आणि चाक हाताने फिरत नव्हते. पिस्टन पूर्ण मागे आला नाही की ऑइल टाकीत परतण्याचे बारीक छिद्र बंदच राहते आणि तापून फुगलेले ऑइल पॅड दाबून धरते. दांडा जागेवर घट्ट धरणारा चेकनट सैल करून पुशरॉड अर्धा फेरा आत घेताच चाक मोकळे झाले. पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात साधारण एक मिलिमीटरचा मोकळेपणा हाताला जाणवलाच पाहिजे.

गिअर उलटे पडू लागले, म्हणजे खाली दाबल्यावर वरचा गिअर पडू लागला, तर दांड्याची दोन टोके परस्परविरुद्ध बाजूंना जोडली गेली आहेत असे समजावे. दांडा जोडायची छोटी पट्टी, म्हणजे ‘हात’, पेडलवर वरच्या बाजूला असेल तर इंजिनातून बाहेर आलेल्या गिअर शाफ्टवरचा हातही वरच हवा. गिअर अर्धवट पडत असतील तर दांडा आणि शाफ्टवरचा हात यांच्यातला कोन पाहावा. पेडल मधल्या स्थितीत असताना तो काटकोन हवा. शाफ्टवरचा हात काढताना त्याचा बोल्ट नुसता सैल न करता पूर्ण बाहेर काढावा, कारण बहुधा तो शाफ्टच्या खाचेतून गेलेला असतो. तो हात ठोकून काढला तर शाफ्टचे दाते झिजतात आणि मग इंजिन उघडण्याची वेळ येते.

ब्रॅकेट चेसिसच्या नळीला वेल्डिंग करू नये. इंजिन माउंटच्या बोल्टचा आधार घ्यावा आणि 8.8 ग्रेडचेच (जास्त मजबुतीचे) बोल्ट वापरावेत. चेसिस कापण्या-जोडण्याने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा (वाहनात बदल करण्याबाबतचे कलम) प्रश्नही उभा राहतो. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे, म्हणून आरटीओत आधी विचारून घ्यावे. फुटरेस्ट वर-मागे दुमडणाराच घ्यावा, कारण वळणावर घट्ट फुटरेस्ट रस्त्याला टेकला तर तो मागचे चाक उचलू शकतो.

रस्त्यावर काढण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि पुढचे शॉकअप दाबून बुटाचे टोक चाकाला लागत नाही ना, हे पाहावे. ब्रेक लाइटचा स्विच नव्या पेडलला जोडलेला आहे का, तेही तपासावे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर प्रत्येक चेकनट पुन्हा आवळावा.