आरसी कारच्या लायपो बॅटरीचं सी रेटिंग कसं बघायचं

आरसी म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाडीसाठी लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी घेताना नुसता सीचा आकडा, म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट ती देऊ शकते तो, बघू नका, तो एमएएचबरोबर (बॅटरीच्या क्षमतेच्या आकड्याबरोबर) धरूनच बघायचा. हिशोब सोपाय, एमएएचला 1000 ने भागा, आलेल्या आकड्याला सीने गुणा, म्हणजे बॅटरी सलग किती अँपिअर देईल ते कळतं. 5000 एमएएच 30सी म्हणजे 150 अँपिअर, आणि 2200 एमएएच 30सी म्हणजे फक्त 66. आता तुमच्या गाडीचा ईएससी (मोटरला जाणारा करंट सांभाळणारा स्पीड कंट्रोलर) 60 अँपिअरचा असेल तर पहिली निवांत चालेल पण दुसरी पार काठावर, कारण लेबलवरचे आकडे बऱ्याचदा फुगवून छापलेले असतात, म्हणून ईएससीच्या निदान दुप्पट तरी धराच. लेबलवरचा बर्स्टचा (थोड्या वेळापुरत्या जास्तीच्या करंटचा) आकडा हिशोबात घ्यायचाच नाही, तो काही सेकंदांपुरता असतो.

रेटिंग कमी पडलं की थ्रॉटल दाबल्यावर व्होल्टेज पडतं, गाडी दम टाकते, बॅटरी पॅक तापतो आणि पुढे फुगतो. फुगलेला पॅक परत चार्जिंगला लावू नका प्लीज, आग लागू शकते.

आणि हो, 100सी घेतली म्हणून गाडी जास्त करंट ओढत नाही, मोटरला लागेल तेवढाच ओढते, उगाच वजन आणि पैसे वाढतात.