पायटॉर्च घेऊ की टेन्सरफ्लो? एका रविवारात स्वतःच तपासा

न्यूरल नेटवर्क शिकायचंय, पायटॉर्च घेऊ की टेन्सरफ्लो (दोन्ही त्यासाठीच्या पायथन लायब्ररी), असं कुणी ना कुणी विचारतंच आणि ज्याला जे येतं तो तेच घे म्हणून सांगतो. माझं ऐकाल तर एक रविवार काढा, एकच बारकं मॉडेल पायटॉर्च, केरास (टेन्सरफ्लोवर चालवलेली, वापरायला सोपी लायब्ररी) आणि जॅक्स (गूगलची गणिती लायब्ररी) अशा तिन्हीत लिहा आणि मग मुद्दाम त्याची वाट लावा. नीट चालणारा कोड तिन्हीकडे छानच दिसतो हो, फसल्यावर कोण काय बोलतं ते बघायचंय.

लॅपटॉपवर काही टाकत बसू नका, कोलॅब (ब्राउझरमध्येच पायथन चालवायची गूगलची सोय) उघडा, तिथे तिन्ही आधीच असतात. विंडोज असेल तर नक्कीच नको, कारण २.१० नंतर टेन्सरफ्लोने विंडोजवरचा थेट जीपीयू (ग्राफिक्स चिप) सपोर्ट बंद केलाय, डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आतलं लिनक्स) जावं लागतं आणि त्यातच दुपार होते.

डेटा म्हणून तेच ते एमनिस्टचे (हाताने लिहिलेल्या इंग्रजी अंकांचा नेहमीचा सेट) आकडे नकोत. यूसीआय या अमेरिकन विद्यापीठाच्या डेटा-संग्रहात हाताने लिहिलेल्या देवनागरी अक्षरांचा सेट फुकट मिळतो, ९२,००० चित्रं, ३२ बाय ३२ ची, ३६ व्यंजनं आणि १० अंक मिळून ४६ वर्ग. नेपाळमधला आहे त्यामुळे त्यात ळ नाही, म्हणजे बाळ, फळ, टिळक सगळे बाद, पण आपल्या कामाला चालतंय.

मॉडेल साधंच, १०२४ आकडे (३२ गुणिले ३२ ठिपके) आत, मधे १२८, बाहेर ४६. केरासमध्ये लेयर रचल्या, कंपाइल केलं, फिट केलं, संपलं. पायटॉर्चमध्ये लूप आपण लिहायचा, झिरो ग्रॅड, बॅकवर्ड, स्टेप, आणि झिरो ग्रॅड विसरलात तर ग्रेडियंट (वेट्स किती आणि कुठे बदलायचे ते सांगणारे आकडे) साठत जातात, ओरडणारं कुणी नाही. जॅक्समध्ये तर वेट्स (मॉडेल शिकतं ते आकडे) सुद्धा आपल्याच हातात, रँडम आकडा हवा तरी 'की' (key) स्वतः द्यायची. सुरुवातीला वैताग येतो, पण नक्की काय चाललंय ते तिथेच सगळ्यात जास्त कळतं.

आता मोडतोड. आधी १०२४ च्या जागी १००० लिहा. पायटॉर्च सरळ सांगतं की ६४ बाय १०२४ आणि १००० बाय १२८ यांचा गुणाकार होत नाही, ६४ ही तुमची बॅच (एका वेळी दिलेली चित्रं), लगेच सापडतं. जॅक्सही दोन्ही आकडे दाखवतं, फक्त भाषा जरा गणितवाल्यांची. केरासमध्ये इनपुट शेप दिलाच नाही तर ही चूक करायलाच मिळत नाही, डेन्सला (केरासची साधी लेयर) बाहेरचा आकडा पुरतो.

दुसरी चूक जास्त डेंजर. पायटॉर्चचा क्रॉस एन्ट्रॉपी लॉस (मॉडेल किती चुकतंय ते मोजणारा आकडा) सॉफ्टमॅक्स (आकड्यांच्या शक्यता बनवणारं गणित) आतच लावतो, तुम्ही मॉडेलच्या शेवटी परत लावलात तर एरर येत नाही, ट्रेनिंगही चालू राहतं, फक्त ४६ वर्गांसाठी ३.८३ च्या आसपास सुरू झालेला लॉस २.८६ च्या खाली जाऊच शकत नाही. मी यात दोन संध्याकाळी घालवल्यात, लर्निंग रेट (शिकण्याच्या पावलाचा आकार) कमी कर, जास्त कर, डेटाला शिव्या घाल. केरासचं नेमकं उलटं, तिथे डीफॉल्टला सॉफ्टमॅक्स झालंय असंच धरलेलं असतं, त्यामुळे एकातला कोड दुसऱ्यात नेताना हमखास पाय घसरतो.

मग मधेच एक प्रिंट टाका. पायटॉर्चमध्ये खरे आकडे दिसतात. जॅक्समध्ये जिट (आधी कंपाइल करून वेग वाढवणं) लावलेल्या फंक्शनात आकड्यांऐवजी नुसता ट्रेसर (त्यांच्या जागी ठेवलेली खूण) दिसतो, त्याचं वेगळं डीबग प्रिंट वापरावं लागतं, आणि केरासमध्ये खरे आकडे बघायला कंपाइल करताना रन ईगरली चालू करायला लागतं. मी रोजच्या कामाला पायटॉर्च धरलं ते या एका कारणाने.

स्पीड मोजायचाच असेल तर पहिला एपॉक (सगळ्या डेटावरची एक फेरी) सोडून द्या, त्यात कंपाइलचा वेळ धरलेला असतो. जीपीयूचं काम मागे चालू असतं आणि पायथन पुढे निघून जातं, म्हणून घड्याळ थांबवायच्या आधी पायटॉर्चमध्ये सिंक्रोनाइज आणि जॅक्समध्ये ब्लॉक अंटिल रेडी लावा, नाहीतर भलतेच भारी आकडे येतील. अॅक्युरसी ताडून बघताना डीफॉल्टही बघा, ॲडमचा (वेट्स बदलायची नेहमीची पद्धत) एप्सिलॉन (त्यातला एक बारका आकडा) केरासमध्ये दहाचा उणे सातवा घात, पायटॉर्चमध्ये उणे आठवा, सुरुवातीचे वेट्सही वेगळ्या पद्धतीने पडतात. थोडा फरक दिसला म्हणून हे भारी ते फालतू असं ठरवू नका.

बाकी टीपीयूवर (गूगलची एआयसाठीची चिप) काम किंवा गणिताची हौस असेल तर जॅक्स. लूप लिहायचा कंटाळा असेल तर केरास, आणि २०२३ च्या केरास ३ पासून ते टेन्सरफ्लो, जॅक्स, पायटॉर्च तिन्हींवर चालतं त्यामुळे अडकून पडायची भीती कमी. आणि हो, ट्युटोरियल बघताना प्लेसहोल्डर नाहीतर सेशन रन दिसलं की टॅब बंद करा, ते २०१९ मध्ये टेन्सरफ्लो २ यायच्या आधीचं आहे.